शोरूम घड्याळ एक दिवस बघतं, मी ते सहा वर्षांनी बघतो

मला एकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: कळव्याला राहतो, ऐरोलीला आयटीत आहे, बोनस आलाय, दोन लाखाच्या आतबाहेर आयुष्यातलं पहिलं स्विस ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीनेच चावी भरत राहणारं) घड्याळ घ्यायचंय, एक शनिवार काढून ठाण्यातली आणि नवी मुंबईतली दुकानं फिरायचीत, पण असल्या दुकानाची पायरी कधी चढलो नाही, आत गेल्यावर बघायचं काय, विचारायचं काय, आणि हातात कायम वडिलांचं जुनं एचएमटी जनता असतं ते घरी काढून ठेवू का, उगाच हसतील.

शेवटचं आधी सांगतो. काढू नका, घालूनच जा. हसणारा हसू दे, पण त्या दिवशी तुमच्याकडे मोजपट्टी म्हणून त्याहून चांगलं काही नसेल. का ते पुढे येतंय.

मी नौपाड्यात एका गल्लीत घड्याळं दुरुस्त करतो, २८ वर्षं झाली, त्याआधी वडील त्याच टेबलावर बसायचे. लोक मला विचारतात कुठलं घेऊ, आणि मी सांगितलेलं त्यांना बहुतेक वेळा आवडत नाही, कारण ते घड्याळ शोरूमच्या दिव्याखाली बघून आलेले असतात आणि त्या दिव्याखाली सगळंच देखणं दिसतं, मांडवातल्या नवरीसारखं. माझ्याकडे तेच घड्याळ येतं ते पाच-सहा वर्षं घामात, लोकलच्या गर्दीत, चार-पाच पावसाळे काढून. मागचं झाकण उघडलं की कळतं काय टिकलं आणि काय नुसतं दिसायला होतं. म्हणून मी स्वतः दुकानं फिरायला जातो (जातो बरं का, महिन्यातला एक शनिवार, घेत काही नाही, बायको म्हणते तुम्हाला आत घेतात कसे) तेव्हा डोक्यात एकच असतं, की हे माझ्या टेबलावर येईल तेव्हा कसं येईल. तुम्हीही तसंच बघा, बाकी सेल्समन सांगेलच.

आता वेळ. मॉल ११ ला उघडतात, ११ ते १ हा तुमचा वेळ. तेव्हा दुकानात माणसं मोकळी असतात, चहापाणी झालेलं असतं, तुम्हाला बसवून चार ट्रे काढून दाखवतात. संध्याकाळी ६ नंतर शनिवारी तिकडे नुसती जत्रा, कोणी तुमच्याकडे नीट बघणार नाही आणि तुम्हीही घड्याळाकडे नीट बघणार नाही. धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवसांच्या आसपास तर जाऊच नका, म्हणजे घ्यायचं ठरलेलं असेल तर जा, बघायला नको.

सुरुवात मॉलपासून करू नका. आधी गोखले रोड आणि राम मारुती रोडला एक चक्कर टाका, तिथली साधी दुकानं, टायटनचं शोरूम, जे दिसेल ते. याला मी हात गरम करणं म्हणतो. पाच-दहा हजाराची चार घड्याळं मनगटावर चढवून उतरवून झाली की आपली भीडही चेपते आणि आपल्या हाताला केवढं शोभतं ते फुकटात कळतं. इथेच तुमच्या जनताचा पहिला उपयोग. ती साधारण ३५ मिलिमीटरची आहे, आणि हल्ली शोकेसमध्ये ४०, ४२, ४४ असंच सगळं मांडलेलं असतं, ते शेजारी धरून बघा म्हणजे आकडा नुसता आकडा राहत नाही. पण खरं माप केसच्या, म्हणजे बाहेरच्या डबीच्या, रुंदीत नसतंच. पट्टा जिथे अडकतो ती वरची आणि खालची टोकं, त्यांना लग म्हणतात, त्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर बघायचं. ते तुमच्या मनगटाच्या सपाट भागाच्या बाहेर लोंबलं तर ४० चं घड्याळसुद्धा मोठं दिसतं, आणि लग खाली वळलेले असतील तर ४२ चंही बसतं. आपल्याकडे साडेसहा इंचाच्या आसपास मनगटं बरीच, त्यांनी टोकापासून टोकापर्यंत ४८ मिलिमीटरच्या वर जाताना दोनदा विचार करावा. दुसरं जाडी. ऑफिसला फुल शर्ट घालत असाल तर बाहीचं बटण लावून बघा, घड्याळ आत सरकतंय का. १४ मिलिमीटर जाड घड्याळ ठाणे स्टेशनच्या जिन्यावर रेलिंगला, लोकलच्या दांड्याला, प्रत्येक ठिकाणी आपटणार म्हणजे आपटणार, मी पॉलिशिंगचं बिल लावताना हेच ऐकतो.

जनताचा दुसरा उपयोग कानाला. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर बंगलोरला कारखाना काढला, तुमची जनता त्याच घराण्यातली, १७ माणकांची (झीज होऊ नये म्हणून मशीनमध्ये बसवलेले खडे), रोज सकाळी चावी द्यायची. तिचं मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ५. शोरूममधल्या बऱ्याच स्विस घड्याळांचा वेग २८,८०० असतो, सेकंदाला ८. दोन्ही एकामागून एक कानाला लावा. जनता टिक-टिक करते, ते दुसरं किणकिणतं. आणि सेकंद काटा बघा, ८ वाला जवळजवळ तरंगत जातो. हे एकदा स्वतःच्या कानाने ऐकलं की सेल्समनने हाय बीट, स्मूथ स्वीप वगैरे म्हटलं तरी तुम्ही दबत नाही.

आता मॉल. ठाण्यात विवियाना, नाव बदललं तरी रिक्षावाल्याला तेच सांगा, आणि तिकडून नवी मुंबईत जायचं तर ठाणे स्टेशनला ९-१० नंबरवरून पनवेल गाडी पकडून सीवूड्सला उतरायचं, मॉल स्टेशनच्या डोक्यावरच आहे, उन्हात चालायचं कामच नाही. वाशीच्या मॉलला जायचं असेल तर वाशी गाडी, पनवेल गाडी तुर्भ्यानंतर जुईनगरकडे वळते, यात माझ्याच एका गिऱ्हाईकाचा अख्खा तास गेला होता. दिवसाला दोनच ठिकाणं करा. सहा-सात घड्याळांच्या वर मनगटावर चढवली की आठवं कसं होतं तेच आठवत नाही. रोलेक्स वगैरे बघायचंच असेल तर ते बीकेसी नाहीतर लोअर परळ, तो वेगळा दिवस, वेगळा मूड, आणि तुमच्या बजेटशी त्याचा संबंध नाही. पण डोळ्यांना सवय म्हणून कधीतरी जाच. जेजर-लकूल्त्र (Jaeger-LeCoultre) या स्विस कंपनीच्या दुकानात रिव्हर्सो नावाचं उलटं फिरणारं घड्याळ दाखवायला सांगा, ते १९३१ मध्ये आलं ते हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश ऑफिसरांच्या काचा फुटायच्या म्हणून. घड्याळाचं तोंडच आतल्या बाजूला वळवायचं. मला त्यातलं काही परवडत नाही पण ते दर वेळी मी फिरवून बघतो.

आणि मिसळ नंतर. मामलेदारची मिसळ खाऊन दुकानात जाऊ नका, मी गंमत करत नाहीये, तेलकट बोट पॉलिश केलेल्या स्टीलवर असं उठून दिसतं की सेल्समनचा चेहरा बघवत नाही. हात धुऊन, अंगठी, कडं, ब्रेसलेट काढून खिशात. माझीच गोष्ट सांगतो, सुरुवातीच्या काळात मी हातात स्टीलचं कडं घालायचो, एका दुकानात तसंच घड्याळ चढवलं आणि क्लास्पवर, म्हणजे पट्ट्याच्या खटक्यावर, ओरखडा ओढला, बारीकच पण मला दिसला म्हणजे त्यांनाही दिसलाच असणार. त्यांनी एक शब्द काढला नाही आणि मी लाजेने तिथून एक नको असलेला चामड्याचा पट्टा विकत घेऊन बाहेर पडलो. तो पट्टा पुढच्या जुलैत बुरशी येऊन गेला. त्यावरून आठवलं, आपल्या हवेत चामड्याचा पट्टा रोजच्या वापरात फार टिकत नाही, घामाने आतून काळा पडतो, वास मारतो. घड्याळ घेताना शक्यतो स्टीलच्या पट्ट्यावरच घ्या. स्टीलचा नंतर वेगळा घ्यायला गेलात की महाग पडतो, चामड्याचा किंवा रबराचा कधीही मिळतो.

दुकानात वागायचं कसं म्हणाल तर अगदी सरळ. आत जाऊन सांगायचं, आज बघायला आलोय, घ्यायचं पुढच्या महिन्यात आहे, बजेट अमुक. बजेट लपवू नका, लपवलं की तो तुम्हाला पाच लाखाचं दाखवत बसतो आणि तुम्ही मान हलवत बसता. घड्याळ ट्रेच्या वरच धरायचं, फरशीवर उभं राहून हातात खेळवायचं नाही. चावी स्वतः ओढायची नाही, त्यालाच सांगायचं. फोटो विचारून काढायचा, मनगटावर घातलेला, हात सरळ खाली सोडून आरशातला, कारण आपण नाकासमोर धरून बघतो तेव्हा ते आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. आणि एक करा, घड्याळ घेऊन दुकानाच्या दाराशी जा, तो बरोबर येईल, आणि मॉलच्या उजेडात बघा. आतले दिवे खास लावलेले असतात, त्यात साधा काळा डायलही मखमल वाटतो. दाराशी आल्यावर काचेत फक्त छताचे दिवेच दिसले आणि वेळ दिसली नाही तर विचार करा, रोज बसमध्ये तेच होणार. नंतर ओंजळीत झाकून काटे अंधारात चमकतात का तेही बघा, छान वेळ जातो.

आता मुख्य मुद्दा, मशीन.

तुमच्या बजेटमध्ये टिसो, मिडो, हॅमिल्टन, राडो, लाँजिनची काही मॉडेलं, ओरिस, असं सगळं समोर येईल. यातली पहिली पाच एकाच घरातली आहेत, स्वॉच ग्रुप, ओमेगाही त्याच घरातलं. टिसोमध्ये पॉवरमॅटिक ८० म्हणून जे मशीन येतं, त्याचीच भावंडं मिडो, हॅमिल्टन, राडोमध्ये वेगवेगळ्या नावाने बसलेली असतात. म्हणजे दुप्पट पैसे देताना आपण मशीनचे दुप्पट देत नाही, केसचे, सिरॅमिकचे, डायलच्या कामाचे, नावाचे देतो. ते द्यायला माझी ना नाही, डायलचं काम हे खरंच काम असतं, पण कशाचे देतोय ते माहीत असावं. ओरिसच्या साध्या मॉडेलमध्ये सेलिटा या स्विस कंपनीचं मशीन असतं, ते ईटीए २८२४ या जुन्या, सगळीकडे वापरलेल्या स्विस मशीनच्या धर्तीचं, २८,८०० ठोक्याचं. आता ८० तास चालणारं पॉवरमॅटिक की ते सेलिटा? सेल्समन म्हणेल ८० तास, विषय संपला. आणि सोयीचं आहेच, खोटं नाही. शुक्रवारी रात्री ८ ला काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी ८ ला ६० तास होतात, पॉवरमॅटिक चालू सापडेल, ४० एक तासवालं सेलिटा मात्र रविवारी दुपारीच बंद पडलेलं असेल, मग सोमवारी गाडी पकडायच्या घाईत तुम्ही वेळ-तारीख लावत बसणार. (तारीख लावताना एक लक्षात ठेवा, रात्री ९ ते पहाटे ३ मध्ये काटे असताना ती चावीने ढकलायची नाही, आतले दाते तेव्हा एकमेकांत अडकलेले असतात. आधी काटे फिरवून ६ वर आणायचे, मग तारीख. सोमवारी सकाळी लोक हेच विसरतात आणि मंगळवारी माझ्याकडे येतात.)

पण ८० तास कुठून आले ते बघा. ठोके २८,८०० वरून २१,६०० केले आणि स्प्रिंगच्या डबीतला मधला खुंट बारीक करून लांब स्प्रिंग बसवली. हुशारीचं काम आहे. मात्र वेग जुळवायची जी खिट्टी जुन्या मशीनला असते ती काढून टाकली, कारखान्यातच लेझरने जुळवून पाठवतात. काही प्रकारांत तर आतले दोन महत्त्वाचे भाग प्लास्टिकसदृश मटेरियलचे आहेत. म्हणजे काय, तर चांगलं चालतं तोवर फार चांगलं चालतं, पण दिवसाला १५ सेकंद पुढे जायला लागलं की गल्लीतल्या माणसाला, म्हणजे मला, त्यात फारसं काही करता येत नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावं लागतं. सेलिटा मी किंवा माझ्यासारखा कोणीही उघडून, धुऊन, तेल घालून, टाइमग्राफरवर (वेग मोजायच्या यंत्रावर) लावून चार दिवसांत परत देतो. तुम्ही घड्याळ वॉरंटीपुरतं घेत असाल तर पॉवरमॅटिक, वीस वर्षांसाठी घेत असाल तर सेलिटा, हे माझं मत, यात माझा धंद्याचा स्वार्थ आहे हेही सांगून टाकतो.

लाँजिनच्या स्पिरिटमध्ये जे मशीन येतं त्यात हेअरस्प्रिंग, म्हणजे ठोक्यांचा वेग ठरवणारी केसासारखी बारीक वेटोळ्यांची स्प्रिंग, सिलिकॉनची आहे आणि ते क्रोनोमीटर सर्टिफाइड आहे. हा शब्द तुम्हाला दिवसभर ऐकू येईल म्हणून सांगतो. सीओएससी नावाची स्विस संस्था मशीन १५ दिवस, ५ वेगवेगळ्या बाजूंनी ठेवून, ३ तापमानांत तपासते, आणि सरासरी दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत असेल तर सर्टिफिकेट देते. ओमेगाचं पुढचं मेटास (स्विस सरकारी मापन संस्था) सर्टिफिकेट ० ते अधिक ५, शिवाय १५,००० गॉसच्या, म्हणजे फार जोरदार, चुंबकात. छान आहे, पण यामागे फार धावू नका, बिनसर्टिफिकेटचं घड्याळही नीट जुळवलं तर तेवढंच चालतं. आणि अचूक वेळच हवी असेल तर दीड हजाराचं सेलवालं घड्याळ या सगळ्यांना घरी बसवतं, त्याच्या आतला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आपल्या मशीनचे ठोके ८. आपण हे अचूकतेसाठी घेत नाही, कशासाठी घेतो ते ज्याचं त्याला माहीत.

सिलिकॉनचं मात्र मला कौतुक आहे, चुंबकामुळे. हल्ली माझ्याकडे "अचानक दिवसाला पाच मिनिटं पुढे जातंय" म्हणून येणाऱ्यांत बरेचसे नुसते चुंबक लागलेले असतात. टॅबच्या कव्हरचं चुंबक, लॅपटॉपचा स्पीकर, बायकांच्या पर्सचं बटण, रात्री घड्याळ काढून नेमकं त्याच्यावर ठेवायचं. हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळत सुटतं. चुंबक काढायला मला अर्धा मिनिट लागतो. एका शोरूमने याच दुखण्याला पूर्ण सर्व्हिसचं एस्टिमेट दिलं होतं, नाव नको. तुम्ही दिवसभर लॅपटॉपवर असता, तेव्हा दुकानात हेअरस्प्रिंग कशाची आहे हे नक्की विचारा. उत्तर सांगता आलं तर सेल्समन चांगला आहे, त्याच्याकडूनच घ्या.

पाण्याचं. हे ठाण्यात राहणाऱ्यानं पाठच करावं. मागच्या बाजूला ३० मीटर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ ३० मीटर खोल जाता येतं असा नाही, हात धुताना चार थेंब उडाले तर चालेल एवढाच. ५० म्हणजे पावसात भिजणं कसंबसं. आपल्या जुलैला १०० तरी हवं, आणि चावी स्क्रूने आत बसणारी असेल तर उत्तम, म्हणजे फिरवून घट्ट करायची असते ती. पण १०० लिहिलेलंही आतलं रबर नवं आहे तोवरच, दोन-तीन वर्षांत घामाने ते कडक होतं, म्हणून पावसाळ्याआधी प्रेशर टेस्ट करून घ्यायची, दहा मिनिटांचं काम. गेल्या वर्षी एक जण आला, घोडबंदर रोडला बाइकवर भिजला, काचेत आतून वाफ धरली, यूट्यूबवर बघून घड्याळ आठ दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं. उघडलं तर चावीच्या दांडीला गंज, तारखेच्या चकतीवर डाग, आणि बाहेरून केसच्या फटीफटीत तांदळाची पांढरी पूड. वाफ दिसली की त्याच दिवशी घड्याळजीकडे, तांदूळ भातासाठी ठेवा.

काच नीलम, म्हणजे सफायर, आहे ना एवढं बघा, या किमतीत असतेच. तिच्यावर हिऱ्याशिवाय सहसा ओरखडा उठत नाही, पण कोपऱ्यावर आपटली तर टवका उडतो.

तुम्ही आयटीतले म्हणून एक आगाऊ सूचना. तुम्हाला जीएमटी घड्याळ दाखवतील, दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा चौथा काटा असतो ते. क्लायंट लंडनला आहे, अमेरिकेला आहे, उपयोगी पडेल म्हणतील. सगळं खरं, पण आपली वेळ लंडनच्या ग्रीनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि हे काटे एक-एक तासाच्या उडीने सरकतात, मिनिट काटा दोघांना एकच. तुमच्याकडे संध्याकाळचे ६ वाजले की लंडनला हिवाळ्यात साडेबारा, घड्याळ १२ नाहीतर १ दाखवणार, अर्धा तास तुम्ही मनात धरायचा. १ जानेवारी १९०६ ला ही भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने कित्येक वर्षं तिला भीक घातली नव्हती, आपली जुनी मुंबई वेळ, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, तीच चालवली. ती राहिली असती तर जीएमटीवाल्यांची काय हालत झाली असती. असो, दिसायला आवडलं तर घ्या, कामासाठी म्हणून घेऊ नका.

काय विचारायचं दुकानात, तर सगळ्यात आधी सर्व्हिस. सर्व्हिस सेंटर कुठे, घड्याळ इथे स्वीकारता का, किती दिवस लागतात, पूर्ण सर्व्हिसचा आजचा रेट किती. किमतीबद्दल पाठ करून बोलतात, हे विचारलं की आत फोन लावायला जातात. जाऊ दे, थांबा तुम्ही. ऑटोमॅटिकला पाच-सात वर्षांनी सर्व्हिस लागतेच, हा खर्च किमतीत धरूनच बजेट करायचं. मग डिस्काउंट. लाजू नका, अनेक ब्रँडचं दुकान असेल तर एमआरपीवर काहीतरी सुटतं, सगळ्यावर नाही, रोलेक्सवर तर नाहीच. पैसे सोडत नसतील तर एक जादा पट्टा मागा. ईएमआयची स्कीम असेल तर रोखीचा भाव वेगळा विचारा, बिनव्याजी म्हणतात त्यात सुटणारं डिस्काउंट बऱ्याचदा गेलेलं असतं. आणि "साहेब, स्वित्झर्लंडशी करार झालाय, ड्यूटी कमी होणार, थांबा" किंवा उलट "किंमत वाढणार, आत्ताच घ्या", दोन्ही ऐकाल. करार खरा आहे, मार्च २०२४ ला सही झाली, १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, पण स्विस घड्याळांवरची ड्यूटी टप्प्याटप्प्याने सात वर्षांत उतरायची आहे. तेवढ्यात कंपन्या दर वर्षी भाव वाढवतातच. त्या हिशोबाने घड्याळ घेऊ नका, थांबूही नका.

जुन्या घड्याळांचा मोह होईल, वडिलांचं एचएमटी असणाऱ्यांना होतोच. ऑनलाइन जी हिरवी-निळी-नारिंगी डायलची फेवर ल्यूबा, वेस्ट एंड, एचएमटी अशी जुन्या कंपन्यांची घड्याळं तीन-चार हजारांत दिसतात, त्यांचे डायल पुन्हा रंगवलेले आणि आतले भाग दहा घड्याळांचे गोळा केलेले असतात, जगभरचे शौकीन त्याला मुंबई स्पेशल म्हणतात, आपल्या गावाचं नाव काढलंय. फर्स्ट कॉपीबद्दल बोलतच नाही.

पहिल्या शनिवारी घेऊ नका, एवढं मात्र ऐका. घरी या, फोटो बघू नका, आणि बुधवारी-गुरुवारी कुठलं आठवतंय ते बघा. माझा अनुभव असा की दुकानात आवडलेलं एक असतं आणि गाडीत उभं राहून आठवतं ते दुसरंच, बहुतेक वेळा जरा साधं, जरा लहान. त्याच्यासाठी पुन्हा जा.

घ्यायला जाल तेव्हा दोन लाखाच्या वरच्या खरेदीला पॅन लागतं, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दुकानदाराला घेताच येत नाही, म्हणून कार्डाची लिमिट आधी बघून ठेवा. दहा लाखाच्या वरच्या घड्याळावर एप्रिल २०२५ पासून १ टक्का टीसीएस (दुकानदाराने विकतानाच वसूल करायचा आयकर) आहे, तो तुम्हाला आत्ता नको. शोकेसमधला पीस घेऊ नका, चार महिने शंभर जणांनी चावी ओढलेला असतो, आतून सीलबंद मागवा, यायला आठ दिवस लागले तरी चालतील. आला की वॉरंटी कार्डावर तारीख, दुकानाचा शिक्का, आणि कार्डावरचा नंबर घड्याळाच्या मागच्या नंबराशी जुळतो का ते तिथेच बघा. तारखेचा आकडा खिडकीत बरोबर मधे येतोय का, फिरणारं बेझल (काचेभोवतीची कडी) असेल तर त्यावरची खूण बरोबर १२ वर येते का, तेही. एवढे पैसे देऊन त्यात अर्धा मिलिमीटरही सोडायचा नाही.

मग ते पट्टा तुमच्या मापाचा करतील. दुपारी किंवा संध्याकाळी करून घ्या, सकाळी मनगट बारीक असतं आणि आपल्या उकाड्यात दिवसभरात फुगतं, एक बोट आत जाईल एवढा सैल. काढलेल्या कड्या मात्र मागून, मोजून, पुडीत बांधून बॉक्समध्ये टाका. त्या दुकानातच विसरून आलेले आणि तीन वर्षांनी पोट सुटल्यावर "एक कडी मिळेल का हो" म्हणून माझ्या टेबलासमोर उभे राहिलेले दर वर्षी आठ-दहा तरी असतात, आणि ती एक कडी कुठेच मिळत नाही.